निधी आटल्यावर बेपत्तांचा शोध कसा टिकवावा : मेक्सिकोच्या उदाहरणातून

20 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेने आपली परदेशी विकासमदत 90 दिवसांसाठी गोठवली, मार्चमध्ये यूएसएड या आपल्या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेचे सुमारे 83 टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे जाहीर केले आणि 1 जुलैला उरलेसुरले कार्यक्रम परराष्ट्र खात्याकडे सोपवले. मेक्सिकोत सरकारी नोंदीप्रमाणेच 1 लाख 20 हजारांहून अधिक माणसे बेपत्ता आहेत. अशा कुटुंबांसोबत काम करणाऱ्या संस्थेचा परकी निधी तुटल्यास काय सांभाळावे, ते पुढे दिले आहे.

तुटीचा हिशेब वार्षिक अंदाजपत्रकावरून न मांडता शोधाच्या एका दिवसावरून मांडावा. तिथल्या बेपत्तांच्या आया पुरलेले मृतदेह शोधायला इंग्रजी टी अक्षरासारखी लोखंडी सळई हातोडीने जमिनीत ठोकतात, उपसून तिच्या टोकाचा वास घेतात आणि कुजल्याचा वास आला तर तिथे खूण करून खणायला घेतात. सळई, फावडी, पाणी, गाडीचे इंधन हा खर्च वर्गणीतून कसाबसा निघतो. सापडलेल्या हाडांची डीएनए तपासणी, न्यायवैद्यक तज्ज्ञ आणि वकील यांचा खर्च मात्र तसा निघत नाही. म्हणून हाती आलेली थोडी रक्कम आधी ओळख पटवण्याकडे वळवावी. देणगीदाराला खणण्याचे छायाचित्र अधिक भावते हे खरे, पण नाव न लागलेली हाडे शवागारात पडून राहिली तर आईच्या हाती काहीच येत नाही.

दुसरे काम नोंदींचे. निधी देणाऱ्याचा काम थांबवण्याचा आदेश बहुधा मुदत न देताच येतो, त्यामुळे प्रत्येक कुटुंबाच्या कागदपत्रांची प्रत त्या कुटुंबाकडे आधीपासूनच असावी : तक्रारीचा क्रमांक, रक्ताचा नमुना कोणत्या प्रयोगशाळेत व कधी दिला, बेपत्ता व्यक्तीचे दात, जुने अस्थिभंग, गोंदण, शेवटचे कपडे. ही माहिती व्हॉट्सअॅपवर फिरवू नये. शोध घेणाऱ्या कित्येक आयांचे तिथे खून झाले आहेत.

तिसरे म्हणजे, निधीविना मिळणारे हक्क पदरात पाडून घ्यावेत. मेक्सिकोच्या 2018 च्या संघीय कायद्याप्रमाणे तक्रारीनंतर तीन महिन्यांनी 'अनुपस्थितीची विशेष घोषणा' मागता येते. तिच्यामुळे माणूस मृत न मानताही कुटुंबाचे सामाजिक सुरक्षेचे लाभ चालू राहतात. आपल्याकडे साधारणपणे सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत असल्याचे गृहीत धरतात, हे ज्याला माहीत आहे त्याला या तरतुदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. घटक राज्यांचे कायदे निराळे असल्याने अर्जापूर्वी ते पाहावेत.

मानसोपचारतज्ज्ञाच्या भेटी बंद होणार असतील तर ते कुटुंबाला समक्ष सांगावे आणि शेवटच्या भेटीची तारीख आधी कळवावी. ज्यांच्या घरातले माणूस काही न सांगता नाहीसे झाले आहे, त्यांच्या दारात येणारा माणूसही तसाच येईनासा होऊ नये.