'वांशिक संघर्ष' अशी बातमी दिसली की आधी कुठले कागद बघायचे

कुठल्यातरी देशात पेटलं की दोन तासांत सगळीकडे तेच वाक्य फिरायला लागतं, की तिथे इतके वंश, इतके धर्म, मग भांडणार नाहीत तर काय. मीही बरीच वर्षं असंच करायचो, देशाचं नाव सर्च केलं, टक्केवारीचा गोल चार्ट बघितला, अमुक ६० टक्के तमुक ३० टक्के, झालं, कळलं सगळं. कळत काहीच नाही. तो चार्ट बंद करा आणि खाली लिहिलंय तसं करून बघा, एका देशाला एक संध्याकाळ पुरते.

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढा, की प्रकार जास्त म्हणजे भांडण जास्त. सोमालिया घ्या. बहुतेक सगळे सोमालीच, भाषा एक, धर्म एक, पंथसुद्धा एकच सुन्नी, तरी १९९१ मध्ये तिथलं सरकार कोसळलं ते पुढची वीसेक वर्षं नीट उभंच राहिलं नाही. आणि त्याच किनाऱ्याने थोडं खाली आलं की टांझानिया, १२० च्या वर जमाती, ख्रिश्चन आणि मुसलमान दोन्ही भरपूर, आणि देश टिकून आहे. (झांझिबारमध्ये १९६४ ला भयंकर रक्तपात झाला, त्यामुळे टांझानियाला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही, पण तुलना म्हणून ठीक.) म्हणजे नुसता आकडा काही सांगत नाही. बघायचं ते हे की माणूस कोण आहे हे सरकार कुठल्या कागदावर लिहितं आणि त्या कागदावर पुढे काय मिळतं किंवा काय जातं.

तर पहिला कागद जनगणनेचा. त्यात काय विचारलंय ते बघा, आणि काय विचारलेलं नाही ते जास्त बारकाईने बघा. लेबनॉनमध्ये शेवटची अधिकृत जनगणना १९३२ ला झाली, फ्रेंचांच्या काळात, त्यानंतर झालीच नाही. आळस म्हणून नाही हं. त्या मोजणीच्या जोरावर ख्रिश्चन आणि मुसलमान खासदारांचं प्रमाण ६ ला ५ ठरलं, राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया असा पायंडा पडला, आता पुन्हा मोजायला गेलं तर सगळ्या खुर्च्या हलणार, मग मोजायचं कोणी आणि कशाला! १५ वर्षं यादवी युद्ध झालं, १९८९ च्या ताइफ करारात प्रमाण अर्धं अर्धं केलं, आज १२८ पैकी ६४-६४, पण शिरगणती काही केली नाही. नायजेरियाने २००६ च्या जनगणनेत धर्म आणि वंश हे प्रश्नच ठेवले नाहीत, कारण तिथे प्रत्येक मोजणीवरून आधी राडे होऊन गेले होते. म्यानमारची गोष्ट उलटी, तिथे सरकारी यादीत १३५ 'राष्ट्रीय वंश' आहेत, त्यात रोहिंग्या नाहीत, आणि २०१४ च्या जनगणनेत स्वतःला रोहिंग्या लिहून घ्यायला परवानगीच नव्हती. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने आधीच पायाखालची जमीन काढलेली, २०१७ मध्ये ७ लाखांवर माणसं सीमा ओलांडून बांगलादेशात गेली. १३५ हा आकडा वाचून कुणालाही वाटेल वा काय विविधता, खरी मेख त्या यादीच्या बाहेर आहे.

दुसरा कागद खिशातला, म्हणजे ओळखपत्र. ह्यावर जरा थांबतो. रवांडात हुतू आणि तुत्सी एकाच भाषेत बोलायचे, एकाच डोंगरावर शेजारी राहायचे, लग्नंही व्हायची, आणि गुरंढोरं वाढली की माणूस थोडाफार वर, म्हणजे तुत्सींकडे, सरकायचा असं बेल्जियन येण्याआधी चालायचं. १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीने प्रत्येकाला कार्ड दिलं, त्यावर एक ओळ, हुतू, तुत्सी की त्वा (तिसरा, अगदी छोटा गट). बस, शाई वाळली आणि सरकणं बंद. स्वातंत्र्यानंतर सत्ता हुतूंच्या हातात आली, पण ती ओळ कुणी खोडली नाही हे लक्षात घ्या, कारण ज्याच्या हाती ससा तो पारधी, कार्ड आता नव्या मालकाच्या कामाचं होतं, शाळेत, नोकरीत कोणाला किती घ्यायचं ते ठरवायला. नंतरच्या कार्डांवर ती नावं आधीच छापलेली असायची आणि कारकून लागू नसलेली नावं रेघ मारून काटायचा. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावर अडथळे लावले, कार्ड दाखव, तुत्सी शब्दावर रेघ नसली की संपलं. १०० दिवसांत साधारण ८ लाख माणसं. 'हजारो वर्षांचं वैर' वगैरे कोणी लिहिलेलं दिसलं की मला ती कारकुनाची रेघ आठवते.

तेव्हा ज्या देशाचा अभ्यास करताय तिथल्या ओळखपत्रावर, जन्मदाखल्यावर धर्म किंवा वंश आहे का, तो रकाना रिकामा ठेवता येतो का, आणि बदलता येतो का, हे तीन प्रश्न विचाराच.

तिसरं म्हणजे नोकरीची भाषा. घटनेत 'सर्व नागरिक समान' लिहिलेलं असतं, ते सगळीकडेच असतं हो. तुम्ही बघा की टपाल खात्यात, रेल्वेत, कचेरीत चिकटायला कुठल्या भाषेत परीक्षा द्यावी लागते. श्रीलंकेत १९५६ ला सिंहली ही एकमेव सरकारी भाषा केली, कायदा म्हणायला भाषेचा, पण तमिळ कारकुनासाठी त्याचा अर्थ सरळ होता, सिंहली शीक नाहीतर बढती विसर आणि घरी जा. १९७२ च्या घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान आलं. तमिळलाही अधिकृत भाषा म्हटलं ते थेट १९८७ च्या तेराव्या दुरुस्तीत, तोवर युद्ध सुरू होऊन चार वर्षं झाली होती आणि ते चाललं २००९ पर्यंत. टांझानियाने इथेच वेगळी वाट धरली, प्राथमिक शाळा आणि सरकारी कामासाठी स्वाहिली घेतली, जी कुठल्याच मोठ्या जमातीची घरची भाषा नव्हती, त्यामुळे सगळ्यांनाच थोडी परकी आणि कुणालाच फुकटचा फायदा नाही.

चौथा कागद म्हणजे मतदारसंघाचा नकाशा, आणि इथे कॅल्क्युलेटर काढा, मजा येते (म्हणजे संताप येतो). उत्तर आयर्लंडमधलं डेरी शहर, १९६७ च्या आसपासचं. पालिकेचे कॅथलिक मतदार १४ हजारांवर, बाकीचे, म्हणजे मुख्यतः प्रोटेस्टंट, पावणेनऊ हजार. निवडणूक पूर्ण कायदेशीर. निकाल काय? २० पैकी १२ नगरसेवक युनियनिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या बाजूचे. कसं ते बघा, शहराचे तीन वॉर्ड, दक्षिण वॉर्डात १० हजारांवर कॅथलिक कोंबले आणि त्यांना दिल्या ८ जागा, उत्तर वॉर्डात एकूण साडेसहा हजारच मतदार पण त्यालाही ८, तिसऱ्या वॉटरसाइड वॉर्डाला ४, आणि उत्तर आणि वॉटरसाइड ह्या दोन्हीकडे प्रोटेस्टंट जास्त राहतील अशी रेघ ओढलेली. शिवाय पालिकेला मत द्यायला घर नावावर किंवा भाड्याने असावं लागायचं, आणि पालिकेची घरं कोणाला द्यायची हे ठरवणार तीच पालिका, म्हणजे घर दिलं की मत दिलं, म्हणून घरच द्यायचं नाही. १९६८ मध्ये तिथे मोर्चे निघाले त्यात घरं आणि मताचा हक्क ह्याच मागण्या होत्या, बाहेर मात्र सगळ्यांनी वाचलं कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट, जणू बायबलवरून भांडतायत.

तिथूनच पाचव्यावर येऊ, बंदूक कोणाकडे आहे. पोलीस आणि लष्करी अधिकारी कुठल्या गटातले, हे मंत्रिमंडळाच्या ग्रुप फोटोपेक्षा शंभर पट महत्त्वाचं, फोटोत एकेक नमुना उभा करायला काही लागत नाही. उत्तर आयर्लंडच्या जुन्या पोलीस दलात कॅथलिक साधारण ८ टक्के, लोकसंख्येत ४० च्या वर. १९९८ च्या शांतता करारानंतर, २००१ ला नवं दल आलं तेव्हा भरतीच अर्धी कॅथलिक अर्धी इतर अशी ठेवली, १० वर्षं, आणि प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास गेलं. त्यावर पुष्कळ आरडाओरड झाली, माझ्या मते तरी करारानंतरचा तो सगळ्यात कामाचा बदल. उलटं उदाहरण सिरिया, अलवी (शिया इस्लामशी जोडलेला पंथ) लोक देशात साधारण दहावा हिस्सा, पण १९७० पासून २०२४ पर्यंत असद बापलेकांच्या काळात फौजेच्या आणि गुप्तहेर खात्याच्या कळीच्या जागा त्यांच्याकडे. गोल चार्ट बघून हे कधी कळलं असतं का?

कधीकधी मात्र कागदच नसतो, तेव्हा फसू नका. सोमालियात १९९१ पर्यंतचा हुकूमशहा सियाद बारे, त्याने कुळाचं नाव काढणंच गुन्हा ठरवलं होतं, १९७० च्या दशकात कुळवादाचे पुतळे जाळले, आणि खुद्द त्याच्याभोवतीचं कोंडाळं तीन कुळांचं, त्याचं स्वतःचं, आईचं आणि जावयाचं. सगळ्यांना माहीत, बोलायचं कोणी नाही. 'आमच्याकडे हा प्रश्नच नाही' असं सरकार फार जोरात म्हणायला लागलं की नातेवाइकांची यादी काढा.

एवढं झालं की मग तोडगे तपासा, वाटणी चांगली की वाईट असं सरसकट ठरवू नका, त्यात कोणाला काय करायला भाग पाडलंय ते बघा. नायजेरियात राष्ट्राध्यक्ष व्हायला नुसती जास्त मतं चालत नाहीत, दोन तृतीयांश राज्यांत किमान २५ टक्के मतं लागतात, म्हणजे उत्तरेतल्या मुसलमान उमेदवाराला दक्षिणेत जाऊन हात जोडावेच लागतात. तिथे बाकी हजार भानगडी आहेत, पण ही अट हुशार आहे. बोस्नियात १९९५ च्या डेटन कराराने युद्ध थांबवलं आणि तीन जणांचं राष्ट्राध्यक्षपद केलं, एक बोस्नियाक (म्हणजे मुख्यतः मुसलमान), एक क्रोएट, एक सर्ब, प्रत्येकाची जागा ठरलेली, आपल्या गटापलीकडे कोणाला विचारायची गरजच नाही.

आणि शेवटी वाटणीचा तक्ता हातात घेऊन त्यात कोणाला जागाच नाही ते शोधा. बोस्नियाच्या घटनेत ह्या तिघांखेरीज उरलेल्यांना शब्द आहे 'इतर'. एक रोमा आणि एक ज्यू माणूस, दोघंही बोस्नियाचेच नागरिक, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले की आम्हाला ह्या पदासाठी उभंच राहता येत नाही, २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, त्यानंतर दशकभराहून जास्त काळ गेला आणि घटनेतला तो रकाना होता तिथेच राहिला.