गरोदरपणात व्यायाम कसा करावा, आणि बघणाऱ्यांना काय सांगावं

पाचवा महिना लागला, पोट दिसायला लागलं, की बाईच्या चालण्या-बसण्यावर बोलायला अख्खी सोसायटी मोकळी होते. बूट घालून खाली उतरलं की ‘अगं, दोन जिवांची आहेस, कशाला एवढं चालतेस?’ आणि चार दिवस घरात पडून राहिलं की ‘जरा हालचाल कर, नाहीतर सिझरच होईल.’ पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडची असतात. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच जणींचा व्यायाम थकव्याने थांबला नाही, या बोलण्याने थांबला. म्हणून व्यायाम कसा करायचा आणि बोलण्याला कसं तोंड द्यायचं, दोन्ही इथे एकत्र लिहिते आहे.

पहिलं काम: डॉक्टरांकडून लेखी घ्या

‘व्यायाम केला तर चालेल ना?’ असं मोघम विचारलं, तर ‘हो, चाला थोडं’ असं मोघमच उत्तर मिळतं. ओपीडीत गर्दी असते, दोन-तीन मिनिटांत नंबर संपतो. त्यामुळे प्रश्न मोबाइलमध्ये आधीच लिहून न्या. वार (प्लासेंटा) खाली आहे का? गर्भाशयाचं तोंड आखूड किंवा सैल आहे का, टाका घातलाय का? बीपी कसं आहे? हिमोग्लोबिन किती? जुळं असेल तर वेगळी काय काळजी? हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर तोही आवर्जून सांगा. यातल्या काही गोष्टी असतील तर व्यायाम बंद ठेवावा लागतो किंवा खूप कमी करावा लागतो. तो निर्णय डॉक्टरांचाच, त्यात कुठल्याही लेखाने, या लेखानेही, पडू नये.

हिमोग्लोबिनचा आकडा नक्की विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचं दिसलं. गरोदरपणात ११ च्या खाली आकडा गेला की रक्तक्षय धरतात. दोन जिने चढून धाप लागत असेल तर ‘पोटामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका.

मग डॉक्टरांना विनंती करा: ‘रोज अर्धा तास चालणं, हे केसपेपरवर लिहून द्याल का?’ आपल्या घरांत तोंडी सांगितलेलं टिकत नाही, कागदावरचं टिकतं. शक्य असेल तर एकदा सासूबाईंना किंवा आईला बरोबर न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून त्यांनाच ऐकू द्या. पुढच्या सहा महिन्यांचे वाद त्या एका फेरीत वाचतात.

किती आणि कसा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, गुंतागुंत नसलेल्या गरोदर स्त्रीने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास, असा तो हिशेब. आधी कधीच व्यायाम केला नसेल तर दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. अर्धा तास सलग जमत नसेल तर सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा. आधीपासून पळत, पोहत असाल तर तेही डॉक्टरांना विचारून, बेताने सुरू ठेवता येतं.

‘मध्यम’ ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलणं. चालताना सोबतच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. बोलताना शब्द तुटायला लागले तर वेग कमी करा. हृदयाचे ठोके १४० च्या वर जाऊ देऊ नका, असं कुणी सांगेल. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली तशी मर्यादा घातली होती, ती १९९४ मध्ये त्यांनीच काढून टाकली. तीस वर्षं झाली तरी तो आकडा अजून फिरतोच आहे.

चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा थोडा ताकदीचा व्यायाम हवा. भिंतीला दोन्ही तळहात टेकवून छाती भिंतीकडे नेणं आणि मागे येणं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवं होऊन मार्जारासन, म्हणजे मांजरासारखी पाठ हळू वर-खाली करणं. कंबर दुखणाऱ्या बहुतेकींना याने बरं वाटतं. दहा-दहा वेळा पुरे. श्वास रोखून कुठलीच ताकद लावू नका.

आणि एक व्यायाम रोजचा, जो कुणाला दिसत नाही म्हणून त्यावर कुणी बोलतही नाही: ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा. लघवी आणि गॅस दोन्ही एकाच वेळी रोखून धरतोय अशा बेताने ते स्नायू आत आणि वर ओढा. पोट, मांड्या, नितंब ढिले ठेवा. पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सोडा, श्वास चालू ठेवा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सोडणं हे धरण्याइतकंच महत्त्वाचं, तिथे घाई करू नका. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करायचा नाही. खोकताना, हसताना थेंब गळतो म्हणून बाहेर जाणं टाळणाऱ्या कितीतरी जणी असतात, त्या संकोचाने डॉक्टरांनाही सांगत नाहीत. हा व्यायाम त्यासाठीच आहे.

तीन महिन्यांनंतर पाठीवर उताणं झोपून फार वेळ करायचे व्यायाम टाळा. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, चक्कर येते. पोटावर झोपायची आसनं, खोल पीळ, कपालभाती, भस्त्रिका आता नकोत. सांधे आणि अस्थिबंध या काळात सैल झालेले असतात आणि शरीराचा तोलही पुढे सरकलेला असतो, म्हणून जिथे पडण्याची भीती तिथे जाऊच नका.

मुंबईत चालायचं कुठे

इथे अडचण थंडीची नाही, घामाची आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं, आणि गरोदरपणात अंग फार तापू द्यायचं नसतं. त्यामुळे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. निघायच्या आधी पाणी, सोबत पाणी, आल्यावर पाणी. उपाशीपोटी निघू नका. एक केळं किंवा दोन खजूर तरी.

शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी एक किलोमीटरहून जरा जास्त भरते. रमतगमत दोन फेऱ्या म्हणजे अर्धा तास, आणि दमलं की बसायला कट्टा आहेच. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला सावली चांगली. मरीन ड्राइव्हचा फुटपाथ सपाट आणि रुंद, पण सावली नाही, तिथे संध्याकाळीच जा. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सुंदर आहे, पण मुख्य सपाट रस्ता सोडून चढाच्या पायवाटांना शेवटच्या महिन्यांत लागू नका. यातलं काहीच जवळ नसेल तर सोसायटीचा आवार, नाहीतर इमारतीचा लांब पॅसेज. पावसाळ्यात तर तोच बरा. शेवाळलेली फरशी आणि हललेले पेव्हर ब्लॉक यांच्यावर मोठ्या पोटाने चालणं हा धोका आहे, त्याला व्यायाम म्हणू नये.

लोकल पकडायला धावणं हाही व्यायाम नाही. गर्दीची वेळ टाळता आली तर टाळा. दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर स्त्रियांना प्रवासाची मुभा आहे, ती निःसंकोच वापरा. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ सगळ्यात जास्त असते आणि पोट मात्र दिसत नाही. ‘तीन महिने कुणाला सांगू नये’ म्हणून ओळखीच्यांना नाही सांगितलं तरी चालेल, पण लेडीज डब्यात ‘मी प्रेग्नंट आहे, जरा बसू द्याल?’ एवढं म्हणा. बहुतेक वेळा कुणीतरी उठतं.

घरकामाचंही स्पष्ट बोलते. ‘दिवसभर राबतेच आहे, वेगळा व्यायाम कशाला?’ हे अर्धं खरं आहे. केर-पोछा ही हालचालच आहे. पण ओट्यापाशी तासन्तास उभं राहिल्याने पाय सुजतात आणि चालायची ताकद संपते. सकाळचे डबे, धुणं, पाणी सगळं करून वर अर्धा तास चाला, असं कुणालाच सांगता येणार नाही. तो अर्धा तास घरकामातून कापला पाहिजे, आणि कापलेलं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचललं पाहिजे.

थांबायचं कधी

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, पोटात दुखणं, ठरावीक अंतराने कळा येणं, चालायला लागण्याआधीच धाप लागणं, छातीत दुखणं, चक्कर, न थांबणारी डोकेदुखी, तोल जाणं, एका पोटरीत दुखणं किंवा सूज. यातलं काहीही झालं तर जागच्या जागी थांबा, बसा आणि दवाखान्यात फोन करा. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तरी त्याच दिवशी जा. ‘उद्या बघू’ नको. ही यादी घरात फ्रिजवर लावा. तुम्हाला काय झालं की काळजी करायची हे घरच्यांनाही कळलं, तर बाकी वेळी ते निर्धास्त राहतात.

आता बोलणाऱ्यांचं

सगळ्यांना एकच उत्तर देऊ नका, कारण सगळ्यांच्या बोलण्यामागचं कारण एक नसतं.

घरातली मोठी माणसं बहुतेक भीतीपोटी बोलतात. कुणाची नणंद, कुणाची जाऊबाई, कुणाचा पाचव्या महिन्यात पडलेला गर्भ त्यांनी पाहिलेला असतो, आणि त्या वेळी कारण सांगणारं कुणी नसल्यामुळे दोष चालण्याला, जिन्याला, वर केलेल्या हाताला दिला गेलेला असतो. त्यांना हसून उडवू नका. शांतपणे सांगा की गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात असा बेताचा व्यायाम केल्याने गर्भपात होत नाही, दिवस भरायच्या आधी बाळंतपणही होत नाही; उलट गरोदरपणातला मधुमेह होण्याची शक्यता कमी होते. ‘हात वर केला की नाळ बाळाच्या गळ्याला गुंडाळते’ याला आधार नाही. नाळ गुंडाळते ती बाळाच्या स्वतःच्या हालचालींमुळे, आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. सरसकट अंथरुणाला खिळून राहिल्याने उलट पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

सासूबाईंना उत्तर नवऱ्याने द्यावं. ‘आई, डॉक्टरांनी सांगितलंय, मी तिच्याबरोबर जातोय,’ एवढं त्याने म्हटलं की विषय संपतो. तेच सुनेने म्हटलं की उलट उत्तर ठरतं. हे बरोबर नाही, पण घरोघरी असंच आहे, आणि नऊ महिन्यांत ते बदलायचा भार गरोदर बाईवर टाकू नये.

अनोळखी माणसांचं वेगळं. मागच्या हिवाळ्यात शिवाजी पार्कला पाहिलेलं सांगते. सातवा महिना असलेली एक मुलगी झपझप चालली होती. कट्ट्यावरच्या एका आजींनी हाकच मारली, ‘अगं ए, हळू! कितवा?’ ‘सातवा, आजी.’ ‘मग घरी बसावं ना.’ ती थांबली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘शुगर काठावर आलीये आजी, डॉक्टरांनीच चालायला लावलंय.’ आजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. ‘असं होय. मग चाल. पण आतल्या बाजूने चाल, इकडून स्कूटरी येतात.’ पुढच्या फेरीला ती आली तेव्हा आजींनी पिशवी उचलून शेजारी जागा करून ठेवली होती.

प्रत्येक वेळी असं होत नाही आणि प्रत्येकाला कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. ‘डॉक्टरांना विचारलंय’ एवढं म्हणून पुढे चालत राहिलं तरी पुरे. कुणी न विचारता पोटाला हात लावला तर एक पाऊल मागे घ्या आणि ‘हात नको लावू’ किंवा ‘हात नका लावू’ असं सरळ म्हणा. जिममध्ये ट्रेनर, घरी योगशिक्षिका येत असतील तर कितवा महिना आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

डिसेंबर २०२० मध्ये अनुष्का शर्माने गरोदरपणातला शीर्षासनाचा फोटो टाकला, तेव्हा तिला कौतुकाबरोबर बोलणीही भरपूर बसली. भिंतीचा आधार होता, नवरा धरून उभा होता, आसनाचा सराव आधीपासूनचा होता, डॉक्टरांना विचारलेलं होतं, हे सगळं तिने लिहिलेलं असूनही. तिचं बघून कुणी गरोदरपणात शीर्षासन शिकायला जाऊ नये. पण तिला बोलणाऱ्यांनी ते चार तपशील वाचायला हवे होते.

आणि हे बोलणं कुणाच्या वाट्याला येतं तेही पाहा. मागच्या गल्लीत टॉवरच्या कामावर विटांची घमेली वाहणाऱ्या बाईला आठवा महिना असतो, तिला ‘दोन जिवांची आहेस’ म्हणून कुणी थांबवत नाही. जिला खरोखर विश्रांती हवी तिच्याकडे लक्ष नाही, आणि ट्रॅकपँट घालून चालणारीला सल्ले. काळजी असेल तर ती मुकादमाला जाऊन बोलण्यात दाखवावी.

बाळंतपणानंतर

तीच माणसं आता म्हणतील, ‘पोट कधी उतरणार?’ घाई करू नका. बाळंतपण साधं झालं असेल तर ओटीपोटाच्या तळचे व्यायाम आणि घरातल्या घरात हळू चालणं, बरं वाटलं की काही दिवसांतच सुरू करता येतं. सिझर झालं असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि टाक्यांवर ताण येईल असं काही उचलायचं नाही. सहा आठवड्यांच्या तपासणीला जाताना पुन्हा प्रश्न लिहून न्या: पोटाचे स्नायू मधोमध फाकले आहेत का, लघवी गळते त्याचं काय करायचं, पळणं आणि वजन उचलणं केव्हापासून. बहुतेक जणी त्या दिवशी फक्त बाळाबद्दल विचारून परत येतात.