स्पॉन्सर मिळाला म्हणतात, तेव्हा आधी कोणता कागद मागायचा

गोव्यात डिचोलीच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन मी बारा वर्षं एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये काढली. २०१२ साली खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, तेव्हा कसाबसा तग धरला. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या पुन्हा थांबल्या आणि घरात मिळवतं कुणी उरलं नाही. २०१९ च्या शेवटी मी पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला गेलो, चार वर्षांच्या ४८२ व्हिसावर, म्हणजे तिथल्या कंपनीने स्पॉन्सर केल्यावर मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर. हल्ली साखळी, वाळपईकडची पोरं संध्याकाळी अंगणात येऊन बसतात आणि मोबाईलवर आलेलं ऑफर लेटर दाखवतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

ऑफर लेटर म्हणजे स्पॉन्सरशिप नव्हे. कामाला तीन टप्पे आहेत आणि ते ह्याच क्रमाने होतात. आधी कंपनीने तिथल्या सरकारकडून स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यायची. फी ४२० ऑस्ट्रेलियन डॉलर, मंजुरी पाच वर्षं चालते. मग तुमच्यासाठी, त्या एकाच जागेसाठी, कंपनीने नॉमिनेशन भरायचं. त्याचे ३३० डॉलर, शिवाय प्रशिक्षण निधीचा कर: वर्षाची उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असेल तर व्हिसाच्या दर वर्षाला १,२००, त्यावर असेल तर १,८००. म्हणजे चार वर्षांच्या माणसामागे लहान वर्कशॉपलासुद्धा ४,८०० डॉलर आधीच भरावे लागतात. तिसरा टप्पा तुमचा, व्हिसाचा अर्ज. त्याची फी तुम्ही भरा नाहीतर कंपनी भरो, ते आपसात ठरवा. पण पहिल्या दोन टप्प्यांचा खर्च कंपनीचाच. तो कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे, आणि स्पॉन्सर करण्यासाठी पैसे घेणं हा तिथे गुन्हा आहे.

हे मला २०१८ मध्ये माहीत असतं तर आईच्या पाटल्या वाचल्या असत्या. एका एजंटाने ‘स्पॉन्सरशिप फी’ म्हणून दीड लाख घेतले आणि कंपनीच्या शिक्क्याचं पत्र हातात दिलं. ते पत्र मी देवासमोर ठेवलं होतं. आठ महिन्यांनी त्याचा फोन लागेनासा झाला. मी एकच गोष्ट विचारायला हवी होती: नॉमिनेशनचा ट्रान्झॅक्शन रेफरन्स नंबर काय? तुमचा व्हिसाचा अर्ज कंपनीच्या नॉमिनेशनला त्या नंबरानेच जोडला जातो. कुणी म्हणालं, ‘पैसे भर, नंबर मागाहून देतो,’ तर उठून घरी या.

एजंट धरायचाच असेल तर तो आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः बघा. नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. पावती घ्याच. व्हिसाचा सल्ला देणारा ऑस्ट्रेलियातला असेल तर तिथल्या मायग्रेशन एजंटांच्या सरकारी यादीत त्याचा नंबर सापडतो.

आता अनुभवाचा दाखला. सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती इथेच. तिथे प्रत्येक धंद्याला एक कोड आहे, डिझेल मेकॅनिकचा ३२१२१२. तुम्ही खरोखर काय काम केलंत ते त्या कोडशी जुळावं लागतं. मला खाणीच्या ऑफिसने आधी दोन ओळींचा दाखला दिला होता: अमुक तारखेपासून मेकॅनिक, वर्तणूक चांगली. त्याचा काही उपयोग नव्हता. मी जुन्या फोरमनच्या घरी जाऊन बसलो आणि आम्ही दोघांनी आठवून आठवून लिहिलं: डंपर आणि एक्सकॅव्हेटरची इंजिनं उघडून ओव्हरहॉल, इंजेक्टर तपासणं, हायड्रॉलिक पंप बदलणं, ब्रेक, वर्षाला साधारण किती यंत्रं, आठवड्याला किती तास, पगार किती. मग तेच लेटरहेडवर टाइप करून सही, हुद्दा, फोन नंबर घेतला. जोडीला पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक आणि आयटीआयचं प्रमाणपत्र लावलं. तुमचं वर्कशॉप बंद व्हायच्या बेतात असेल तर हा दाखला आजच घ्या. ऑफिसला कुलूप लागलं की सही करणारा माणूस शोधत गावोगाव फिरावं लागतं.

माझ्या वेळी दोन वर्षांचा अनुभव लागायचा. आता गेल्या पाच वर्षांत एक वर्ष पूर्णवेळ पुरतं. पण तो त्याच धंद्यातला हवा. मधल्या काळात किनाऱ्यावर टॅक्सी चालवलीत तर ती धरत नाहीत. डिसेंबर २०२४ पासून ह्या व्हिसाचं नाव ‘स्किल्स इन डिमांड’ झालंय, आकडा ४८२ च आहे. त्यातल्या कोअर स्किल्स गटासाठी १ जुलै २०२५ पासून वर्षाला किमान ७६,५१५ डॉलर पगार हवा. हा आकडा दर जुलैला वाढतो, म्हणून ताजा बघा. आणि राहणं-जेवण धरून फुगवलेला पगार दाखवला असेल तर फसू नका.

इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत चारही भागांत किमान ५ गुण लागतात. सराव केला तर जमतं. नावाचं मात्र बघा. आपल्याकडे गांवकर, गावस ही आडनावं शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं अशी लिहिलेली असतात. परीक्षेला आणि अर्जाला पासपोर्टवरचंच नाव घाला आणि बाकीचे कागद आधीच सुधारून घ्या.

तिथे पोचल्यावर ९० दिवसांत कामावर रुजू व्हावं लागतं. पासपोर्ट मालकाकडे ठेवायला देऊ नका. माझ्याबरोबरच्या एका तमिळ वेल्डरचा ओव्हरटाइम महिनोन्‌महिने बुडवला. व्हिसा जाईल ह्या भीतीने तो गप्प राहिला. तेव्हा नोकरी सुटली की दुसरा स्पॉन्सर शोधायला ६० दिवस मिळायचे. जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस मिळतात, पूर्ण व्हिसात मिळून ३६५, आणि त्या काळात दुसरीकडे कामही करता येतं. पगार बुडाला तर फेअर वर्क ओम्बड्समन ह्या तिथल्या कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करा. पैसे लागत नाहीत, दुभाषीही मिळतो.

ऑफर आली असेल तर रविवारी या. येताना करार छापून आणा, मोबाईलवरच्या फोटोत बारीक अक्षरातली कलमं वाचता येत नाहीत.