एनएफएलची पुढची बचावफळी जोखताना या चुका टाळा

ऑगस्टअखेर एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, संघ ९० खेळाडूंवरून ५३ वर येतात. याद्या जाहीर झाल्या की लगेच मोजदाद सुरू होते: यांच्याकडे बचावाच्या पुढच्या फळीत उभे राहणारे दहा लाइनमन, त्यांच्याकडे आठच. पण नुसता दहा हा आकडा काहीच सांगत नाही. समोरच्या आक्रमणफळीत मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल आणि कधी टोकाला टाइट एंड; त्यांच्या मागे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. त्या दहांत दोन माणसांचा रेटा छातीवर घेणारे किती, गार्डच्या खांद्यावरून आत घुसणारे किती आणि टॅकलला वळसा घालून क्वार्टरबॅकपर्यंत पोचणारे किती, हे मोजायचं असतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच: माणसं मोजली, कामं मोजलीच नाहीत.

पाटीवरून काम ठरवणं

यादीत ‘डिफेन्सिव्ह एंड’ असं लिहिलेले दोन खेळाडू प्रत्यक्षात दोन वेगळी कामं करत असू शकतात. ४-३ रचनेतला (पुढे चार लाइनमन, त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर) एंड साधारण २६०-२७५ पौंडांचा, म्हणजे ११८ ते १२५ किलोचा. तो कडेला उभा राहून क्वार्टरबॅकवर धावून जातो. जुन्या पद्धतीच्या ३-४ मधला (तीन लाइनमन, चार लाइनबॅकर) एंड २९० पौंडांच्या पुढचा. तो टॅकलच्या तोंडावर उभा राहून जागा अडवतो, आणि कडेने धावायचं काम ‘आउटसाइड लाइनबॅकर’ अशी पाटी असलेल्याकडे असतं. म्हणजे ३-४ संघाचा एज रशर, कडेने धावून जाणारा, शोधायचा तर लाइनबॅकरच्या रकान्यात बघावं लागतं. या पाट्यांचा घोळ पैशापर्यंत जातो. २०२० मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने मॅथ्यू जुडॉनला फ्रँचाइझ टॅग लावला (करार संपलेल्या खेळाडूला, जागेनुसार ठरणाऱ्या रकमेवर, एक वर्ष अडवून ठेवण्याची सोय), तेव्हा तो लाइनबॅकर की डिफेन्सिव्ह एंड हा प्रश्न उभा राहिला, कारण एंडचा टॅग महाग होता. शेवटी दोन्ही रकमांच्या मधली रक्कम ठरली.

पाटीऐवजी टेक्निकचा, म्हणजे खेळाडू नेमका कोणासमोर उभा राहतो ते सांगणारा, आकडा बघा. सम आकडा म्हणजे समोरच्याच्या थेट तोंडावर: ० सेंटरवर, २ गार्डवर, ४ टॅकलवर, ६ टाइट एंडवर. विषम आकडा म्हणजे खांद्यावर: १ सेंटरच्या, ३ गार्डच्या बाहेरच्या, ५ टॅकलच्या बाहेरच्या. ९ म्हणजे टाइट एंडच्याही बाहेर. आकड्यापुढे ‘आय’ आलं, जसं २-आय किंवा ४-आय, तर आतला खांदा. ७ हा आकडा मात्र या व्याकरणात नीट बसत नाही. बऱ्याच संघांत तो टाइट एंडच्या आतल्या खांद्यासाठी वापरतात, काही ठिकाणी वेगळा. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खेळाडू नवा असेल तर त्याचे फर्स्ट डाउनचे (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या पहिल्याचे) दहा स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणाऱ्या खेळी, थांबवून बघा आणि प्रत्येक वेळी तो कोणाच्या कोणत्या खांद्यावर आहे ते टिपा. दहात सात वेळा जिथे उभा असेल, ती त्याची खरी जागा.

‘हा संघ ३-४ की ४-३?’ या प्रश्नावर अडकणं

हल्ली अर्ध्याहून जास्त स्नॅप निकेलमध्ये जातात, म्हणजे मागे पास अडवणारे पाच डिफेन्सिव्ह बॅक. निकेलमध्ये पुढे बहुधा चारच उरतात: आत दोन जाडजूड, कडेला दोन एज. कागदावर ३-४ आणि ४-३ असलेले संघ इथे जवळजवळ सारखे दिसतात. म्हणून राखीव फळी मोजताना सुरुवात निकेलच्या चौघांपासून करा, आणि मग विचारा की थर्ड डाउनला लांब अंतर राहिलं तर या चौघांपैकी कोण बाहेर जातो आणि कोण आत सरकतो.

हे सरकणं फार महत्त्वाचं. थर्ड डाउनला बरेच संघ एका एंडला गार्डसमोर आणतात, कारण गार्डला वजनाची सवय असते, वेगाची नसते. फेब्रुवारी २०१८ मध्ये, ५२ व्या सुपर बोलात, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, सुमारे सव्वादोन मिनिटं शिल्लक असताना ईगल्सच्या ब्रँडन ग्रॅहमने टॉम ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला, तो असाच आतून, पेट्रियट्सच्या उजव्या गार्डला मागे टाकून. ग्रॅहमची पाटी एंडची. सुटलेला चेंडू उचलला डेरेक बार्नेटने, आणि तो त्या मोसमात राखीव फळीतून फिरत येणारा पहिल्या वर्षाचा खेळाडू होता. ईगल्स ४१-३३ जिंकले.

नोज टॅकलला हिशेबाबाहेर ठेवणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. नोज म्हणजे बचावाच्या फळीत मधोमध, सेंटरसमोर उभा राहणारा. त्याच्या नावावर सॅक (चेंडू फेकण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं) नसतात, पकडी थोड्या असतात, आणि बऱ्याचदा तो निम्म्याहून जास्त स्नॅप बाहेर बसलेला असतो. तरीही तो गेला की काय होतं, हे २०२२ च्या ईगल्सकडे बघून कळतं. ऑक्टोबरअखेर जॉर्डन डेव्हिसचा घोटा दुखावला, तेव्हा संघ अपराजित होता. १४ नोव्हेंबरला वॉशिंग्टनने त्यांच्यासमोर ४९ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली, ४० मिनिटांहून जास्त वेळ चेंडू स्वतःकडे ठेवला आणि ३२-२१ ने सामना नेला. धावांमागे सरासरी यार्ड काही थक्क करणारे नव्हते, तीनच्या आसपास. दुखणं तिथेच होतं. फर्स्ट डाउनला तीन-चार, सेकंडला तीन-चार, मग थर्ड डाउनला दोन-तीन यार्डच उरतात. अशा वेळी एज रशर कितीही चपळ असला तरी त्याला धाव घ्यायची संधीच येत नाही. त्याच आठवड्यात ईगल्सने लिन्व्हल जोसेफ आणि एन्डॅमुकन्ग सू असे दोन मोकळे बसलेले बुजुर्ग करारबद्ध केले. याच संघाने त्या मोसमात ७० सॅक घेतले. तेवढे सॅक घेणाऱ्या फळीलाही मधला खांब लागतोच.

कबड्डीत साखळी एका जागी तुटली की कोपरारक्षक कितीही पट्टीचा असो, चढाईपटू तिथूनच निसटतो. इथेही ए गॅप, म्हणजे सेंटर आणि गार्ड यांच्यामधली फट, मोकळी झाली की बाकीची मांडणी विस्कटते. सेंटर आणि गार्ड मिळून नोजवर अडकले नाहीत, तर त्यातला एक सुटून थेट लाइनबॅकरवर जातो.

म्हणून ५३ च्या यादीत ३२० पौंडांच्या पुढचे, ० किंवा १ टेक्निक खरोखर खेळू शकणारे किमान दोघे आहेत का, हे आधी बघा. एकच असेल, तर ती फळी वरून कितीही भरलेली दिसो, एका घोट्यावर उभी आहे.

सॅकच्या आकड्यावर भुलणं

सॅक दुर्मीळ घटना आहे, आणि दुर्मीळ गोष्टींचे आकडे लवकर फसवतात. ७० सॅकवाल्या त्याच ईगल्सना ५७ व्या सुपर बोलात चीफ्सविरुद्ध एकही सॅक मिळाला नाही आणि ते ३५-३८ ने हरले. दोन वर्षांनी ५९ व्या सुपर बोलात त्याच चीफ्सविरुद्ध ब्लिट्झ न लावता, म्हणजे जादा माणसं न पाठवता, नुसत्या चौघांच्या जोरावर, सहा सॅक आले. त्यांतले दोन मिल्टन विल्यम्सचे. तो तारांकित जॅलन कार्टरच्या सावलीत, फिरत्या फळीत खेळणारा होता. पुढच्याच महिन्यात न्यू इंग्लंडने त्याला चार वर्षांसाठी १०४ मिलियन डॉलरचा करार दिला.

सॅकसोबत दबावाचे प्रसंग बघा: क्वार्टरबॅकला घाई करायला लावली, धक्का दिला, जागा सोडायला भाग पाडलं. आणि ते किती जणांना पाठवून केलं तेही बघा. पाच-सहा जण पाठवून मिळालेला सॅक बहुधा कोचच्या आखणीचा असतो. चौघांतून मिळालेला फळीचा.

तगड्या खेळाडूला शेवटपर्यंत राबवता येईल असं समजणं

एका सामन्यात बचावाला साधारण ६० ते ६५ स्नॅप खेळावे लागतात. त्यात एजला ४५-५०, थ्री-टेक्निकला ४० च्या आसपास आणि नोजला २५-३० हा ढोबळ हिशेब धरा. ॲरन डोनाल्डसारखा जवळजवळ सगळेच स्नॅप खेळणारा अपवाद. त्याच्यावरून कोणाची मापं काढू नयेत. जलदगती गोलंदाजाला सलग बारा षटकं दिली तर वेग कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तर प्रत्येक चेंडूवर १४० किलोच्या माणसाशी झटापट.

आणखी एक गोष्ट निसटते. आक्रमणाने खेळाडू बदलले, तरच बचावालाही बदलायला वेळ द्यावा लागतो. आक्रमणाने तेच अकरा ठेवून घाईघाईने स्नॅप घेतले, तर मैदानात अडकलेला ३४० पौंडांचा नोज तिथेच धापा टाकत राहतो. त्याची कुवत कमी पडली असं समजू नका. त्याला बाहेर काढायला सवडच मिळालेली नसते.

एका रचनेतला हिरा दुसऱ्या रचनेतही चमकेल असं धरणं

वन-गॅप पद्धतीत लाइनमनने एक फट पकडून घुसायचं असतं. टू-गॅपमध्ये समोरच्याला हातभर अंतरावर धरून दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळायच्या असतात. दोन्हींसाठी अंगही वेगळं लागतं आणि मनही. वॉशिंग्टनने २००९ मध्ये अल्बर्ट हेन्सवर्थला सात वर्षांचा, सुमारे १०० मिलियन डॉलरचा करार दिला, तो घुसणारा टॅकल म्हणून. पुढच्याच वर्षी नवे कोच आले, ३-४ आली, नोजचं काम पुढ्यात आलं आणि सगळं बिनसलं. २०११ मध्ये त्याची रवानगी न्यू इंग्लंडला झाली. म्हणून डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाची आखणी करणारा कोच) बदललेल्या संघाची यादी जोखताना मागच्या वर्षीचे आकडे बेतानेच वापरा.

५३ च्या बाहेरचे विसरणं, किंवा त्यांच्यावर फारच विसंबणं

प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये, म्हणजे सरावासाठी ठेवलेल्या जादा खेळाडूंत, १६ जागा. प्रत्येक सामन्याला त्यांतले दोघे वर आणता येतात, पण नियमित मोसमात एका खेळाडूला तीनदाच. चौथ्यांदा हवा असेल, तर त्याला ५३ मध्ये घ्यावं लागतं आणि कोणाला तरी काढावं लागतं. शिवाय दुसरा संघ त्याला आपल्या ५३ मध्ये घेऊन थेट पळवू शकतो. चारपेक्षा कमी मोसम झालेला तरुण लाइनमन काढला की आधी वेव्हरवर जातो, म्हणजे इतर संघांना त्याला उचलायची संधी मिळते; ‘उद्या परत घेऊ’ म्हणून काढलेले कित्येक जण परत येत नाहीत.

जखमींच्या यादीत, म्हणजे आयआरवर, गेलेला किमान चार सामने बाहेर. सराव सुरू केल्यावर त्याला परत घ्यायला २१ दिवसांची मुदत असते. २०२० मध्ये बुकेनियर्सच्या वीटा वेआचा पाय ऑक्टोबरमध्ये मोडला आणि तो थेट जानेवारीतल्या एनएफसी या गटाच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात परतला. दोन आठवड्यांनी संघ सुपर बोल जिंकला. आयआरवर गेला म्हणून नाव खोडू नका. परतीची शक्यता शेजारी लिहून ठेवा.

बिघाड दिसला तर कुठे बघायचं

मधून यार्ड जात असतील तर नोजचे स्नॅप आधी तपासा. कडेने जात असतील तर एज आत कापतोय का बघा. सॅकच्या हावेपायी तो सी गॅप, म्हणजे टॅकलच्या बाहेरची फट, उघडा टाकतो. पहिल्या हाफमध्ये दबाव, चौथ्या क्वार्टरमध्ये शून्य, असं झालं तर सामन्यानंतरच्या स्नॅप काउंटमध्ये पहिल्या चौघांचे आकडे बघा. बहुधा राखीवांना उतरवलेलंच नसतं. दबाव येतोय पण क्वार्टरबॅक धावत निसटतोय, तर दोन्ही एज खूप खोल जाताहेत आणि आतला रशर मधली वाट मोकळी सोडतोय.

संघाच्या संकेतस्थळावरच्या डेप्थ चार्टला, म्हणजे कोणत्या जागेवर पहिला-दुसरा कोण ते दाखवणाऱ्या तक्त्याला, फार मान देऊ नका. बऱ्याच संघांत तो जनसंपर्क विभाग बनवतो आणि त्यावर ‘अनधिकृत’ असं छापलेलंही असतं. खरी यादी सामन्याच्या ९० मिनिटं आधी लागते. त्यात ४८ जणच खेळायला मोकळे असतात, तेही आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन त्यांत असतील तरच, नाहीतर ४७. पुढच्या फळीचे बहुधा सात किंवा आठ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा रविवारी दुपारी एकचा सामना आपल्याकडे रात्री १०:३० ला सुरू होतो, म्हणजे यादी ९ वाजता. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की यादी १० ला आणि सामना ११:३० ला.