धर्मभगिनी (नन) होण्याचे पाचारण (देवाचे बोलावणे) कसे पारखावे

मराठवाड्यातील ज्या मुलीला धर्मभगिनी व्हावेसे वाटते, तिने ती ओढ लग्नाचा तगादा टळावा म्हणून तर नाही ना, हे आधी प्रामाणिकपणे तपासावे. रोज शुभवर्तमान (बायबलमधील येशूचे चरित्र व शिकवण) वाचून प्रार्थना करावी, मन कुठे शांत होते आणि कुठे अस्वस्थ, हे वहीत टिपावे आणि ती वही घेऊन एकाच अनुभवी धर्मगुरूंशी किंवा सिस्टरांशी नियमित बोलावे. दहा जणांच्या सल्ल्यांनी गोंधळच वाढतो. सुट्टीत कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या मठात, राहून पहाटेच्या प्रार्थनेपासून वसतिगृहातील रात्रीच्या हजेरीपर्यंतचा दिनक्रम पाहावा. आईवडिलांपासून काही लपवू नये, मात्र सोयाबीन काढणीच्या घाईत विषय काढू नये. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार १७ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नवशिक्षण (व्रते घेण्यापूर्वीचा तयारीचा काळ) सुरू होत नाही. ते किमान १२ महिन्यांचे असते आणि त्यानंतरची ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालनाची तात्पुरती व्रते किमान ३ वर्षांची असतात.