इंग्रजी येतं, पण बोलवत नाही? या चुका टाळा

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुठल्याही कॉलेजात जा. पेपरात इंग्रजीचे चांगले मार्क घेणारी मुलं वर्गात गप्प असतात. मग त्यांच्यावर व्याकरणाचा आणखी मारा होतो. पहिली चूक हीच. भाषा येणं वेगळं आणि बोलावंसं वाटणं वेगळं. संशोधक मॅकिंटायर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या 'बोलण्याच्या तयारी'चा सहा थरांचा पिरॅमिड मांडला. त्यात या माणसाशी, या क्षणी बोलावंसं वाटतं का आणि तेवढा धीर आहे का, याला स्वतंत्र थर आहे. म्हणून मूल गप्प असलं, तर आधी समोर कोण बसलंय ते पाहा.

आपल्याकडे बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. कुणी इंग्रजीत दोन वाक्यं बोललं की मागच्या बाकावरून 'आलो मोठो सायब' ऐकू येतं. उच्चारात मालवणी हेल आला की हशा पिकतो. चीनमधल्या विद्यार्थ्यांबद्दल वेन आणि क्लेमां यांनी २००३ मध्ये लिहिताना 'लोक काय म्हणतील' या भीतीवर भर दिला होता. ती भीती आपल्या मुलांना नवी नाही. पन्नास जणांसमोर उभं करून ती जात नाही, उलट वाढते. आधी मैत्रिणीशी, मग चौघांच्या गटात, मग वर्गासमोर, असा क्रम ठेवा. बोलणाऱ्याला मध्येच तोडून चूक सुधारू नका. चुका टिपून ठेवा आणि तास संपताना कुणाचं नाव न घेता फळ्यावर मांडा. हसणाऱ्याला मात्र तिथल्या तिथे थांबवा, त्यात भीड नको.

सरांपुढे गप्प राहणं म्हणजे आदर, हेही मुलांच्या मनात पक्कं असतं. प्रश्न विचारलेला आवडतो, हे शिक्षकांनी स्वतः सांगायला हवं.

'इंग्रजी कशाला? इंटरव्ह्यूला!' एवढंच उत्तर असेल तर बोलणं इंटरव्ह्यूपर्यंत लांबतं. जपानी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात याशिमा यांना २००२ मध्ये दिसलं, की बाहेरच्या जगाबद्दल ओढ असलेल्यांची शिकण्याची उमेद जास्त असते आणि बोलण्याची तयारीही. कोकणात त्या ओढीला कारणं कमी नाहीत. इथली कितीतरी मुलं बोटीवर जातात. जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये इंग्रजीतली ठरावीक वाक्यं स्वीकारली. ती मुद्दाम सोपी आणि आखूड आहेत, कारण वादळात समोरच्याला पटकन कळणं महत्त्वाचं. ती वर्गात मुलांकडून म्हणवून घ्या. 'फाडफाड' बोलणं म्हणजेच इंग्रजी, हा गैरसमज तिथे गळून पडतो.

मनात मराठी वाक्य पूर्ण जुळवून मग त्याचं भाषांतर करू नका. छोटं वाक्य घ्या, अडलं तर 'सॉरी, अगेन' म्हणून पुन्हा सुरू करा.

इतकं करूनही एखाद्याचे हात थरथरत असतील तर स्टेजचा आग्रह सोडा. त्याला घरी फोनवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करायला सांगा, आणि ते फक्त शिक्षकाने ऐकावं.