डाएट करताना काटा कमी बघा, टेप जास्त वापरा

रात्री खारट आणि भरपूर कर्बोदकांचं जेवण झालं की सकाळी काटा किलो-दीड किलोने वर गेलेला दिसतो. ती चरबी नव्हे, पाणी. शरीर कर्बोदकं ग्लायकोजेन या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारं वजनही बरंचसं हेच असतं.

म्हणून रोज वजन केलंत तरी एका दिवसाचा आकडा सोडून द्या, सात दिवसांची सरासरी लिहा. पाळीनुसारही अंगातलं पाणी कमी-जास्त होतं, म्हणून पाळी येणाऱ्यांनी तुलना मागच्या पाळीचक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी.

खरं काम कमरेच्या घेराचं. आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर आणि काही खाण्यापिण्याआधी मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपा, दोन्हींच्या मधोमध टेप गुंडाळा. श्वास सहज सोडा आणि तो संपताच आकडा वाचा. टेप कातडीला टेकावी, रुतू नये. पाठीमागे ती हमखास खाली घसरते, तेव्हा आरशात बाजूने बघा. दोन मापांत 1 सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. जुनी कापडी टेप ताणलेली असते, अधूनमधून स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा. दंड आणि मांडी महिन्यातून एकदा पुरे, बाजू मात्र तीच ठेवा.

चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे पायांतून सौम्य वीज सोडून तिला होणारा अडथळा मोजतात. बाकी सगळा अंदाज. अंगात पाणी कमी असलं की चरबी जास्त दाखवतात. त्यामुळे आकडा खरा मानू नका. एकाच यंत्रावर, त्याच वेळी घेतलेल्या नोंदींचा चार आठवड्यांचा कल तेवढा बघा. समजा 80 किलोला 30 टक्के, म्हणजे चरबी 24 किलो. पुढे 76 किलोला 27 टक्के, म्हणजे साधारण 20.5. चार किलोंपैकी साडेतीन चरबीचे गेले, उत्तम.

वजन भराभर उतरतंय, पण कंबर हलत नाही आणि व्यायामात उचलायचं वजनही घटतंय? मग बहुधा स्नायू जाताहेत. खाणं थोडं वाढवा, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिनं घ्या (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा) आणि आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम करा. उलट काटा अडलाय आणि कंबर घटतेय, तर आहारात काहीही बदलू नका.

पेसमेकर बसवलेल्यांनी वीज सोडणारा काटा वापरूच नये. त्यांना टेप पुरेशी आहे.